भिमाजी गांगुर्डे आणि न वाजणारे धडे

भिमाजी गांगुर्डे यांनी ओझरच्या विमान कारखान्यात सगळी नोकरी काढली आणि विमानात एकदाही बसले नाहीत. याचं त्यांना वाईट वाटत नसे. विमान उडवणं पायलटचं काम, ते जोडणं कामगारांचं, आणि विमानात जाणारा प्रत्येक बारीकसारीक भाग नेमका काय आहे हे त्याला दोऱ्याने बांधलेल्या टॅगवर लिहिणं स्टोअरमधल्या भिमाजींचं. भागाचा क्रमांक, धातू, कोणत्या विमानाला चालतो, कोणत्याला चालत नाही. टॅग नसलेला भाग त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसे, भले तो समोर टेबलावर पडलेला का असेना.

निवृत्तीनंतर ही शिस्त जेल रोडच्या त्यांच्या घरात उतरली. आधी स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लागल्या, मग कपाटाच्या कप्प्यांना. देवघर घरात नव्हतं, बुद्धाची एकच मूर्ती होती, ती तेवढी चिठ्ठीवाचून राहिली. त्यांच्या पत्नी प्रतिभाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि रिकाम्या माणसाला कामाला कसं लावायचं हे त्यांना शिकवावं लागत नसे.

"तुमचा आवाज चांगला आहे," त्या एके दिवशी म्हणाल्या. लग्नानंतर हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. "स्टेशनच्या पलीकडे अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. तिथे जात जा. चिठ्ठ्या लावायलाही काहीतरी असेल तिथे."

होतं. पुढे जे घडलं ते त्यातूनच घडलं. ते शेवटी नीट मिटलं हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तो आठवडाभर भिमाजींना असं सांगणारं कोणी नव्हतं.

ध्वनिवाचनालय म्हणजे एका फोटो स्टुडिओच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. एकीत पुस्तकं वाचायची, भिंतींना जुन्या गोधड्या लावलेल्या, बाहेरचा हॉर्न आत येऊ नये म्हणून. दुसरीत एक कॉम्प्युटर आणि चहाची किटली. वाचलेले धडे ऐकायला संस्थेने मुलांना एक लहानसं यंत्र दिलेलं होतं. साबणाच्या वडीएवढं, पाच मोठी बटणं असलेलं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, म्हणून सगळे त्याला डबी म्हणत. डबीला वायफाय मिळालं की ती आपण होऊन वाचनालयाचं फीड बघून यायची. फीड म्हणजे इंटरनेटवर ठेवलेली यादीच. नवा धडा झाला की तिच्यात एक नोंद घालायची, की गावोगावच्या डब्या ती वाचून धडा उतरवून घेतात आणि "नवा धडा आला आहे" असं मुलांना बोलून सांगतात.

हे सगळं उभं केलं होतं स्वानंदी जोशी या मुलीने. तिचे वडील रामकुंडावर पौरोहित्य करत आणि ती हिंजवडीला कॉम्प्युटरमध्ये होती. पुण्याला जाण्याआधी तिने फीडचं काम भिमाजींच्या हाती सोपवलं.

"काका, नोंदीत नुसता धडा ठेवून भागत नाही," तिने समजावलं होतं. "तो काय आहे तेही लिहायचं. आवाज आहे की व्हिडिओ, कोणत्या प्रकारची फाइल, केवढी, किती मिनिटांची, कोणत्या भाषेत. कारण प्रत्येक यंत्राला सगळंच वाजवता येत नाही. डबी आधी हे वर्णन वाचते आणि मग ठरवते की आपल्याला झेपेल का."

"कोणत्या विमानाला चालतो, कोणत्याला नाही," भिमाजी म्हणाले.

"अं? हो, तसंच काहीसं."

भिमाजींना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. सरकारने त्यांना निवृत्त केलं होतं, पण टॅगने केलं नव्हतं.

दोन वर्षं काम सुरळीत चाललं. मग दिवाळीला मुलाने, सुयशने, नवा मोबाइल आणून दिला. वाचनालयाचा जुना रेकॉर्डर तेव्हा खरखरायला लागलाच होता, म्हणून भिमाजी नव्या मोबाइलवरच वाचू लागले. आवाज असा स्वच्छ आला की त्यांनी स्वतःचा धडा दोनदा ऐकला. पुस्तक पंचायत राजवरचं होतं, त्यामुळे दोनदा ऐकण्यासारखं त्यात आवाजाखेरीज काही नव्हतं.

ते पुस्तक निकिता अहिरेसाठी होतं. निकिता नामपूरची. वडील तिथल्या कांदा मार्केटात मापारी. ती जन्मापासून अंध होती, नाशिक रोडच्या मुलींच्या हॉस्टेलात राहून लिपिकाच्या परीक्षेची तयारी करत होती, आणि परीक्षा रविवारी होती. हा तिचा वयात बसणारा जवळजवळ शेवटचा प्रयत्न होता. तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता. स्मार्टफोन नोकरी लागल्यावर घ्यायचं घरात ठरलं होतं, म्हणजे नोकरी लागेपर्यंत तिची सगळी पुस्तकं त्या डबीत होती. पंचायत राज तेवढं राहिलं होतं, आणि त्यावर हमखास प्रश्न येतात.

सोमवारी सकाळी तिचा फोन आला.

"काका, डबी म्हणते नवा धडा आला. आणि मग गप्प."

"गप्प म्हणजे?"

"गप्प म्हणजे गप्प. तुम्ही माइकसमोर बसून जेवायला निघून गेल्यासारखं."

"आवाज वाढवून बघितलास?"

"काका, मी अंध आहे. आवाज वाढवायचं बटण मला तुमच्याआधी सापडतं."

भिमाजींनी तो धडा आपल्या मोबाइलवर लावला. खणखणीत वाजला. प्रतिभाताईंच्या मोबाइलवर लावला, तिथेही वाजला. सुयशला पाठवला, त्याने ऑफिसातून अंगठा पाठवला.

"माझ्याकडे वाजतोय," त्यांनी निकिताला कळवलं.

"मग परीक्षेला तुम्हीच बसा."

भिमाजींनी स्टोअरकीपरच्या पद्धतीने विचार केला. टॅग बरोबर, माल बरोबर, म्हणजे दोष घेणाऱ्याच्या यंत्रात. मंगळवारी निकिता मैत्रिणीला घेऊन वाचनालयात आली, तिला डबी बदलून मिळाली. नव्या डबीने त्याच गोड आवाजात "नवा धडा आला आहे" असं सांगितलं आणि तीही गप्प झाली. बुधवारी भिमाजींनी तिसरी डबी काढली. मग त्यांनी असा निष्कर्ष काढला की डब्यांचा सगळा लॉटच खराब आहे, आणि पुरवठादाराला कडक भाषेत मेल लिहिला. तो अजून पाठवला नव्हता. नशीब.

"जुने धडे वाजतात ना याच डब्यांवर?" प्रतिभाताईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"वाजतात."

"मग डब्या कशा खराब?"

"तांत्रिक बाब आहे," भिमाजी म्हणाले. उत्तर नसलं की ते हेच म्हणत, आणि प्रतिभाताईंना हे माहीत होतं. त्यांनी दुसरी भाकरी थापायला घेतली.

जेवण मात्र त्यांना गेलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर रविवार होता. परीक्षेच्या हॉलमध्ये निकिता, शेजारी तिची उत्तरं लिहून घेणारी लेखनिक मुलगी, आणि ग्रामसभेच्या कोरमचा प्रश्न. लेखनिक पेन उघडून बसलीय, आणि निकिता म्हणतेय, हे काकांनी वाचलं होतं, पण मला ऐकू आलं नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी तिला फोन केला. "मी हॉस्टेलवर येऊन वाचून दाखवतो."

"लेडीज हॉस्टेल आहे, काका."

"गेटवर उभा राहतो."

"गेटवर उभा राहून पंचायत राज वाचणारा माणूस बघून आमच्या वॉर्डन मॅडम काय करतील, याचा विचार केलाय?"

"मग तू इथे येऊन बस. मी वाचतो."

"मी एकेक परिच्छेद दहादा मागे नेऊन ऐकते. तुम्हाला दहादा वाचायला लावलं तर चौथ्यांदा तुमचा घसा बसेल आणि प्रतिभाकाकू मला नामपूरला परत पाठवतील." मग ती म्हणाली, "काका, खरं सांगू? आईचा फोन आला की विचारते, झालं का गं वाचून. मी सांगते, हो. काहीच नही शे झालेलं. दुपारी येते मी. काहीतरी करा."

ती टोमणा न मारता बोलली, याचीच भिमाजींना जास्त भीती वाटली. त्यांनी शेवटी तो फोन केला जो सोमवारीच करायला हवा होता.

स्वानंदी मीटिंगमध्ये होती. दुपारी निकिता येऊन बसली, चहा झाला, तेव्हा स्वानंदीचा फोन आला. भिमाजींनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, नोंदीत प्रकार काय लिहिलाय?"

"एमपी थ्री."

"आणि फाइल आत काय आहे?"

"एमपी थ्री. लिहिलंय ना."

"ते लिहिलं कोणी?"

"मी."

"काय बघून लिहिलंत?"

"आधीची नोंद बघून," ते म्हणाले. "वरीलप्रमाणे."

इथे कारखान्याची एक रीत सांगायला हवी. विमानाचे काही भाग तेलकट कागदात गुंडाळून, पाकिटं सील करून येतात. ती स्टोअरमध्ये फोडायची नाहीत. हवा लागली की भाग गंजतो. म्हणून त्याच पुरवठादाराकडून त्याच मालाचं पुढचं पाकीट आलं, की आधीच्या टॅगवरून नवा टॅग उतरवायचा आणि जिथे काही बदललं नसेल तिथे लिहायचं, वरीलप्रमाणे. भिमाजींनी आयुष्यभर हेच केलं आणि त्यामुळे एकही विमान पडलं नाही. वाचनालयातही वाचणारा तोच, खोली तीच, खुर्ची तीच. पुरवठादार बदलला असं त्यांच्या मनातही आलं नाही. बदलला होता फक्त मोबाइल, आणि तो तर मुलाने प्रेमाने दिला होता. नव्या फाइलींच्या नावाच्या शेवटी काही वेगळीच अक्षरं दिसली, ती त्यांना अव्यवस्थित वाटली. म्हणून ती पुसून त्यांनी सगळ्यांना जुनं, ओळखीचं शेपूट लावून टाकलं.

"नाव बदललं तरी आतली फाइल बदलत नाही, काका," स्वानंदी म्हणाली. तिने कॉम्प्युटरवर काय उघडायचं ते सांगितलं. भिमाजींनी उघडलं. पडद्यावर अक्षरं आली. नाव एमपी थ्री, आतला माल एम फोर ए, म्हणजे नव्या मोबाइलचा प्रकार.

"म्हणजे बरणीवर साखर लिहिलंय आणि आत मीठ," निकिता म्हणाली.

भिमाजींच्या घरी असं कधीही झालं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. अक्षरं तीच राहिली.

"पण मग माझ्या मोबाइलवर कसं वाजतं?"

"मोबाइल तुमचं वर्णन मनावर घेत नाही. तो पाकीट फोडून आत काय आहे ते बघतो आणि वाजवतो. डबी साधी आहे. तुम्ही लिहिलं एमपी थ्री, तिने विश्वास ठेवला, त्याच पद्धतीने उलगडायला गेली, हाती काही लागलं नाही."

"बेशिस्त आहे मोबाइल," भिमाजी म्हणाले.

"आणि डबी?" निकिताने विचारलं.

"डबी बरोबर वागली."

"तुमच्या वळणावर गेलीय म्हणा ना."

त्यांना हे लागलं, पण त्याहून मोठी एक गोष्ट त्यांच्या लक्षात येत होती: डब्या चांगल्या होत्या. वायफाय चांगलं होतं. निकिताचे कान चांगले होते. बिघडलेली वस्तू एकच होती, आणि ती दुरुस्त करणं हेच त्यांचं काम होतं. सोमवारपासून पहिल्यांदा त्यांच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि सगळ्या नोंदींवरचं खोटं वर्णन पुसून खरं लिहिलं. एम फोर ए, एम फोर ए, एम फोर ए.

"आता बघ."

निकिताने बटण दाबलं. डबी म्हणाली, "नवीन काहीही नाही."

"काका," निकिता म्हणाली, "आधी तिला निदान धडा आल्याचं तरी माहीत होतं."

स्वानंदी फोनवर हसली. "बरोबर आहे. आता ती खरं वाचतेय. एम फोर ए तिला वाजवता येत नाही, म्हणून तिने त्या नोंदींकडे बघितलंच नाही."

खरं लिहूनही निकाल तोच, हा अनुभव भिमाजींना नवीन होता. वर्णन डबीला सोयीचं लिहावं तर आत माल नाही, मालाप्रमाणे लिहावं तर डबी हात लावत नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. वॉर्डन मॅडम दिवेलागणीनंतर कोणाला बाहेर ठेवत नसत.

"मग मालच बदलायचा?" त्यांनी विचारलं.

"बदलायचा नाही. दुसरा तयार करून शेजारी ठेवायचा. एकाच नोंदीत एकाच धड्याच्या दोन फाइली ठेवता येतात. एक तुमच्या मोबाइलची, एक डबीसाठी साधी. प्रत्येकीचं वर्णन वेगळं. ज्या यंत्राला जी झेपेल ती त्याने उचलावी."

भिमाजींचा चेहरा उजळला. हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती. एक भाग, दोन पर्याय, दोन टॅग. स्वानंदीने साध्या एमपी थ्री फाइली कशा करायच्या ते सांगितलं आणि कॉम्प्युटर कामाला लागला. तो वाचनालयाइतकाच जुना होता. एकेक धडा असा सावकाश बदलत होता, की निकिताने किटलीतला उरलेला चहा संपवला आणि टेबलावर बोटांनी ताल धरला. मुख्य म्हणजे भिमाजींनी यावेळी प्रत्येक फाइल उघडून, आत काय आहे ते डोळ्यांनी बघून मगच वर्णन लिहिलं. पाकीट फोडायला त्यांचा हात दरवेळी अडखळला, पण फोडलं.

"आता?" निकिताने विचारलं.

"आता."

डबी म्हणाली, "नवीन काहीही नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. खाली फोटो स्टुडिओत कोणीतरी पासपोर्ट फोटोसाठी हनुवटी वर करा म्हणून सांगत होतं, ते तेवढं ऐकू आलं. निकिताने डबी टेबलावर ठेवली. फार हळू ठेवली.

"काका," स्वानंदीचा आवाज आला, "दोन्हींपैकी एकीला मुख्य अशी खूण करायची असते. कोणत्या फाइलीला केलीत?"

"मोबाइलच्या."

"का?"

"तिच्यात आवाज जास्त चांगला येतो."

"कोणाचा?" निकिताने विचारलं.

प्रश्न तांत्रिक नव्हता.

"डबी फक्त मुख्य खुणेचीच फाइल बघते," स्वानंदी म्हणाली. "ती नाही झेपली तर पुढे शोधत बसत नाही. मोबाइल शोधतो. म्हणून मुख्य साधी ठेवा, मोबाइलवाले आपलं आपण बघून घेतील."

भिमाजींनी खूण उचलून साध्या फाइलीवर ठेवली. प्रत्येक धड्याला. त्यांचा स्वच्छ, भारदस्त आवाज दुसऱ्या क्रमांकावर गेला, आणि त्यांना तसूभरही वाईट वाटलं नाही, असं ते नंतर सांगत. खरं तर तेव्हा त्यांना काहीच वाटत नव्हतं. ते निकिताच्या अंगठ्याकडे बघत होते.

अंगठा बटणावर गेला. "नवा धडा आला आहे," डबी म्हणाली. हे तर ती सोमवारीही म्हणाली होती, त्यामुळे कोणी श्वास सोडला नाही. मग डबीतून घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि एक ओळखीचा माणूस, जरा पातळ, जरा पत्र्याचा वाटणारा, म्हणाला, "पंचायत राज. धडा पहिला."

निकिताने मान खाली घातली आणि डबी दोन्ही हातांत धरली. फोनवरून स्वानंदी "वाजलं का? हॅलो? वाजलं का?" असं विचारत राहिली. शेवटी भिमाजींना "वाजलं" एवढं म्हणता आलं. ते गॅलरीत गेले, खालच्या रिक्षावाल्याकडे विनाकारण बघून हसले आणि परत आले. पुरवठादाराला लिहिलेला मेल त्यांनी पुसून टाकला. आपण किती सभ्य पुरवठादाराला काय काय लिहिलं होतं, हे त्यांना त्यानिमित्ताने वाचावं लागलं.

ते पुसून वळले तेव्हा निकिताने इअरफोन घातले होते आणि कानातून बाहेर एक चिरकी, धावती बडबड झिरपत होती.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. दुप्पट वेगाने. तुमच्या वेगाने ऐकलं तर ग्रामपंचायतीतच रविवार उजाडेल, जिल्हा परिषदेपर्यंत पोचणार नाही मी."

"नीट कळतंय का पण? दुसऱ्या धड्यात मी जरा..."

"काका, गप्प बसा ना जरा. तुमचंच ऐकतेय."

भिमाजी गप्प बसले. तिची मैत्रीण रिक्षा घेऊन येईपर्यंत ते समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून होते. आपला आवाज ऐकणाऱ्या माणसाकडे त्यांनी याआधी असं कधी बघितलं नव्हतं. मध्येच ती बटण दाबून मागे जायची, तेच वाक्य पुन्हा, पुन्हा, ओठांनी म्हणत. काही ठिकाणी हसली. पंचायत राजमध्ये हसण्यासारखं काय आहे, हे विचारायचा त्यांना मोह झाला, पण त्यांनी तो आवरला.

शुक्रवारी त्यांनी ज्या ज्या मुलांकडे डब्या होत्या त्या सगळ्यांना फोन केले. बहुतेकांनी धडे वाजत नाहीत हे सांगितलंच नव्हतं. कोणाला वाटलं आपलीच डबी गेली, कोणाला वाटलं काका रागावतील. सिन्नरच्या एका वयस्कर वाचकाने तर कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. ती त्यांनी आनंदाने रद्द केली, आणि भिमाजींना आशीर्वाद दिला. आपल्याला हा आशीर्वाद नेमका कशाबद्दल मिळतोय हे भिमाजींनी त्यांना सांगितलं. सांगितल्यावरही त्यांनी तो परत घेतला नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर निकिताचा फोन आला. प्रतिभाताईंनी तो आधी घेतला, चार वाक्यं बोलल्या आणि काही न सांगता भिमाजींच्या हातात दिला.

"कसा गेला?" त्यांनी विचारलं.

"पंचायत राजचे सगळे आले. ग्रामसभेचा कोरम पण. लेखनिक मुलगी म्हणाली, ताई, तू सांगतेस ते वाचल्यासारखं सांगतेस, आणि मध्येच खाकरतेस का?"

"आणि बाकीचे?"

"गणित माझं नेहमीसारखं, देवावर सोडलंय. ते तुम्ही नव्हतं वाचलं, त्यामुळे त्याचा दोष तुम्हाला देता येत नाही, वाईट वाटतंय." पलीकडे बसचा हॉर्न वाजला. "निकाल लागेल तेव्हा लागेल, काका. पण न ऐकता गेले असं नाही झालं. आईला खरं सांगितलं या वेळी. चला, नामपूरची गाडी लागली."

भिमाजींनी फोन ठेवला. प्रतिभाताई शेंगा निवडत बसल्या होत्या, त्यांनी वर न बघता विचारलं, "झालं का समाधान?"

"झालं."

"मग पडा जरा. आठवडाभर कूस बदलत होता."

ते पडले, आणि संध्याकाळी विहारातली वंदना सुरू होईपर्यंत त्यांना कोणी उठवलं नाही.